हललं की आधी मेन

रविना बसमध्ये झोपून पुढे निघून जाईल, ही भीती माझ्या मनातून जात नाही. सकाळी ती घराबाहेर पडली की मीही मनाने तिच्यासोबत जाते. आशागडहून ईको गाडीने चारोटी, चारोटीहून वापीकडे जाणारी बस. विवळवेढ्याला देवीचं देऊळ येईपर्यंत ती जागी असते, कारण तिथे हात जोडायची तिला लहानपणापासूनची सवय आहे. त्यापुढचं मला सांगता येत नाही. मागच्या महिन्यात तिला तलासरीला उतरायचं होतं आणि ती भिलाडला जाऊन उठली. राज्य बदललं, दुकानांच्या पाट्या गुजरातीत आल्या, तरी हिला जाग नाही. कंडक्टरने खांदा हलवला तेव्हा तिने त्यालाच विचारलं म्हणे, "किती टक्के झालं?"

हे तिने मला हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

ती सव्वीस वर्षांची आहे. तलासरीच्या एका शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते, कंत्राटावर. आज शनिवार, शाळा सुटल्यावर ती घरी न येता तशीच पुढे वापीला गेली, माझ्या बहिणीच्या मुलीकडे, संगीताकडे. उद्या सकाळी दहाला दुकान उघडलं की तिथून ती तिच्या कॉम्प्युटरसाठी दुसरं ग्राफिक्स कार्ड आणणार आहे. आज घरात तिच्या मशीनच्या पंख्यांचा आवाज नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा शांत आहे, आणि मला झोप नाही. तिच्याच वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर हे लिहिते आहे.

रविना लहानपणापासून एका बाबतीत जरा वेगळीच. काही बिघडलं की आधी स्वतःकडे बघायची. आठ वर्षांची असताना आमचं एक करडू हरवलं. कोणी काही विचारायच्या आतच ही रडत म्हणाली, "माझ्याकडूनच झालं असेल." दोन दिवस नीट जेवली नाही. करडू काही मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या बापाला आठवलं की संध्याकाळी कुंपणाची फांदी त्यानेच बाजूला केली होती आणि परत लावली नव्हती. मी त्याला म्हटलं, "तिला सांगा." तो म्हणाला, "आता कशाला, विसरली असेल." ती विसरलेली नव्हती. कॉलेजात असताना एकदा कशावरून तरी बोलता बोलता म्हणाली, "मी तर करडूसुद्धा सांभाळू शकले नव्हते." तेव्हा मी सांगितलं. दहा वर्षं झाली होती मधे.

ती कॉलेजात असतानाच, २०१८ च्या दिवाळीनंतर, आमच्याकडे जमीन हलायला लागली. आधी खालून गडगडल्यासारखं व्हायचं, मग मांडणीवरची भांडी वाजायची. कधी दिवसातून एकदा, कधी रात्रीतून चारदा. सगळा पाडा थंडीत अंगणात ताडपत्रीखाली झोपायला लागला. रविनाने एक पूर्ण परीक्षा त्या ताडपत्रीखाली बसून दिली. मैत्रिणीचा जुना लॅपटॉप मांडीवर आणि डोक्यावरून चादर, प्रकाशाने भिकीमावशीची झोप मोडू नये म्हणून. भिकीमावशी आमच्या शेजारची. ती तरीही म्हणायची, "पोरगी चादरीत काजवे पाळते."

माझा नवरा लाहू वायरमन आहे. त्या हिवाळ्यात जवळच्या पाड्यात एका घराची भिंत खचली, तिच्याबरोबर वायर तुटून ओल्या मातीत पडली आणि गोठ्यातला बैल जागच्या जागी गेला. तो बैल बघून आल्यावर लाहूने जेवायच्याही आधी आमच्या घराचा मेन स्विच आतल्या भिंतीवरून काढून दाराच्या चौकटीला लागून बसवला. मग आम्हाला दोघींना दारापाशी उभं केलं.

"हललं की आधी मेन पाडायचा, मग माणसाने बाहेर पडायचं."

"म्हणजे घर अंगावर आलं तरी चालेल, मेन राहता कामा नये," मी म्हटलं.

"दारातच आहे तो. बाहेर पडताना हात वर जाईल एवढंच. बाहेर पडल्यावर दोन मिनिटं थांबायचं. परत हललं नाही तर चालू करायचा."

त्याने आमच्याकडून पाच-सहा वेळा करून घेतलं. पहिले काही दिवस मला आठवण ठेवावी लागली. मग हात आपोआप जायला लागला. पुढे धक्के कमी झाले, ताडपत्र्या निघाल्या, आम्ही परत घरात झोपायला लागलो. जमीन अजूनही मधूनच हलते. हात अजूनही जातो.

शाळेत लागल्यावर रविनाने पगारातून एकेक भाग वापीहून आणून हा कॉम्प्युटर जोडला, गेम खेळायला. बाजूला काच असलेला डबा, आत निळे-लाल दिवे. भिकीमावशी बघायला आली आणि म्हणाली, "मांडव कोणाचा घातलाय आत?" रविना कानाला हेडफोन लावून नाशिकच्या, सुरतेच्या मुलांशी बोलत खेळायची. मी बाहेरून ओरडायचे, "जेवायला ये." ती म्हणायची, "आई, गेम थांबवता येत नाही, समोर माणसं आहेत." मला ते पटायचं नाही. आता वाटतं, तेव्हा निदान हसण्याचा आवाज तरी यायचा.

मग तिला गेममधले डोंगर कसे बनवतात हे बघायचं वेड लागलं. ती मोबाइलवर बघून बघून शिकली. एक दिवस मला हाक मारून खोलीत नेलं. पडद्यावर एक सुळका होता, खाली रस्ता, रस्त्याचं वळण. मी म्हटलं, "हा तर आपला महालक्ष्मीचा डोंगर." ती माझ्याकडे बघतच राहिली. "नाव न सांगता ओळखलास ना?" मी बी.ए. झालेली बाई, कोसबाडला बारा वर्षं बालवाडीत मुलांना चित्रं काढायला दिली, पण अशी मी कोणाच्या चित्रापुढे कधी उभी राहिले नव्हते.

पुण्याच्या एका स्टुडिओने तिचं काम बघितलं आणि पारख म्हणून साठ सेकंदांचा तुकडा करून मागितला. जमला तर घरी बसून करायचं कायमचं काम. तिने डहाणूचा किनारा घेतला, काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील, वारा आणि मागे समुद्र. बनवून तर झालं. पण ते कॉम्प्युटरला एकेक चित्र रंगवून काढावं लागतं. सेकंदाला चोवीस चित्रं आणि प्रत्येक चित्राला मिनिटभर. म्हणजे एक दिवस आणि एक रात्र मशीन अखंड चालायला हवी. तीही काही बदल केला की पुन्हा पहिल्यापासून.

ती रात्री लावून ठेवायची आणि सकाळी शाळेत जायची. जाताना मला बजावायची, "आई, खोलीत जाऊ नकोस, धूळ जाते. आणि मशीनला हात लावू नकोस." मी खरंच कधी हात लावला नाही. दारही उघडलं नाही. ती संध्याकाळी यायची आणि मशीन बंद पडलेली असायची. झालेली चित्रं राहायची, पण पुढचं काम तसंच पडून.

"आई, लाईट गेली होती का?"

"नाही गं."

"एकदासुद्धा नाही?"

"मी घरातच होते दिवसभर. नाही गेली."

असं चारदा झालं. चार वेळा तिने विचारलं आणि चार वेळा मी हेच उत्तर दिलं.

छोटा यूपीएस आहे तिच्याकडे, पण कार्ड जोरात चालत असलं की तो काही सेकंदांतच मान टाकतो. कॉम्प्युटर फक्त एवढंच सांगतो की वीज अचानक तुटली. का तुटली ते सांगत नाही. लाहूने दोन रविवार घालवून सगळं तपासलं. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-पाणी ओतलं, तिच्या खोलीला मेनपासून वेगळी जाड वायर टाकली. "घरचा काही दोष नाही," तो म्हणाला. मग दोष कोणाचा? रविना म्हणाली, "माझाच. कार्ड उघडून साफ केलं तेव्हा मी काहीतरी चुकवलंय. ते एकदम जास्त वीज ओढतं आणि डब्यातला पॉवर सप्लाय हात टेकतो."

तेव्हापासून ती झोपत नाही. रात्री लावलेलं बंद पडेल म्हणून दर दोन तासांनी उठते, हाताने डब्याची कूस चाचपते, तापलंय का बघते. लहान मुलाला ताप असला की बघतात तसं. सकाळी डोळे लाल असतात. जेवणाचा डबा अर्धा परत आणते. शाळेतल्या मुलांवर ओरडली म्हणून एक दिवस घरी येऊन रडली.

दुसरं कार्ड घ्यायचं की नाही यावर आमच्या घरात आठ दिवस बोलणं चाललं. तिचं म्हणणं असं, की दोन कार्डं चित्रं वाटून घेतील, वेळ जवळजवळ निम्मा होईल, आणि मोठा सप्लाय घेतला की कोणा एकावर ताण येणार नाही. "काही बिघडायच्या आत काम संपेल," ती म्हणाली. तिने वापीच्या दुकानदाराला फोन स्पीकरवर लावला होता. तो म्हणाला, "बेन, दोन कार्डचा जमाना गेला. नवीन गेम एकच कार्ड वापरते. दुसरा नुसता बसून राहील, जमाईसारखा."

"गेमसाठी नाही, रेंडरसाठी, चित्रं काढायला," रविना म्हणाली.

"मग चालेल. पण डब्यात जागा बघ, हवा बघ. एक दुसऱ्याच्या तोंडावर गरम श्वास सोडेल. आणि हे वापरलेलं आहे, घेतलं की परत नाही."

फोन ठेवल्यावर लाहू म्हणाला, "जो बैल मधेच बसतो त्याच्याशेजारी दुसरा बैल जुंपला तर गाडी दुप्पट पळेल की दोघं मिळून बसतील?"

"बाबा, तो बैल नाही."

"मी विचारतोय फक्त."

"तुम्ही सांगा ना मग काय करू. तुम्हाला दोष सापडला नाही. मलाही सापडला नाही. तारीख निघून गेली." तिचा आवाज चढला नव्हता. तसा चढला असता तर बरं वाटलं असतं. "त्यांनी बुधवारपर्यंत वाढवून दिलीय. बुधवारी नाही दिलं तर मी परत तोंड दाखवणार नाही. आणि मग हे सगळं विकून टाकीन. माझं कामच नाही हे."

लाहू उठून हात धुवायला गेला. मला वाटलं, येऊ दे ते कार्ड, निदान झोपेल तरी.

आज दुपारी भिकीमावशी ओट्यावर बसली होती. तिच्या घरात एकच बोर्ड आहे आणि तोही जळलेला, म्हणून ती फोन आमच्या ओट्यावरच्या बोर्डाला लावते आणि तो भरेपर्यंत गप्पा मारते. मी आत नागलीचं पीठ चाळत होते. मांडणीवरचे पेले वाजले. पुढचं मला आठवतं ते अंगणात उभी असल्याचं, हाताला पीठ तसंच.

"परत?" भिकीमावशी म्हणाली.

"हललं ना."

"डंपर गेला गं बाय. मागचा फाळका आपटत गेला. त्याला पण मेन पाडतेस?"

"मला हलल्यासारखं वाटलं."

"तुला तर रोजच वाटतं. माझा फोन बघ, सकाळपासून लावलाय, अर्धा पण नाही झाला. आणि त्या दिवशी? रखमीच्या नातवाची पाचवी, मी मसाला घेऊन आले तुझ्या मिक्सरला. अर्धा फिरला नाही तर तू मेन पाडून अंगणात. रखमी दारात उभी, मसाला दे म्हणून. तसाच जाडाभरडा टाकला कोंबडीत. अजून बोलते ती मला, भिकीचा मसाला दाताखाली येतो."

मी हसले. दोन मिनिटं झाल्यावर आत जाऊन मेन चालू केला आणि पीठ चाळायला बसले. तेव्हा काहीच डोक्यात आलं नाही. तेव्हा येण्यासारखं काही नव्हतंच, आज मशीन बंद होती.

रात्री नऊला संगीताचा फोन आला. म्हणाली, "मावशी, ताई जेवता जेवताच भिंतीला टेकून झोपली. उठवून आत नेलं." मला इतकं बरं वाटलं की मी तिची खोली आवरायला घेतली. टेबलावर ही वही होती. पहिल्या पानावर तिने मशीन बंद पडल्याच्या वेळा लिहून ठेवल्या आहेत, कॉम्प्युटरमधून काढून. सगळ्यात वर: मंगळवार, तारीख आणि पुढे, सकाळी ११.५२.

मंगळवारी दुपारी भिकीमावशीला रखमीकडे कोंबडी शिजवायची होती.

मी स्वयंपाकघरात जाऊन कॅलेंडर बघितलं. त्याच मंगळवारच्या चौकोनात माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, रखमीकडे पाचवी. मी तिथेच पाटावर बसले.

दुसरी वेळ गुरुवारची, दुपारी ३.१०. त्या दिवशी गॅसचा सिलिंडर आला होता. मी आधीच अंगणात होते. सिलिंडरवाला म्हणाला, "ताई, माझी वाटच बघत होतात वाटतं." मी त्याला सांगितलंही, आत्ता हललं म्हणून. तिसरी शुक्रवारची, सकाळी १०.४०, स्टुडिओच्या तारखेच्या दिवशीची. तेव्हा खरंच हललं होतं, पाड्यातली सगळीच बाहेर आली होती. चौथी मला आठवत नाही. कदाचित डंपर असेल. कदाचित ती मशीनचीच असेल, मला माहीत नाही.

लाईट गेली होती का, असं ती विचारायची आणि मी नाही म्हणायचे. खोटं बोलत नव्हते मी. लाईट जाणं म्हणजे तारेवरून जाणं, वायरमनच्या घरात त्याचा दुसरा अर्थ नसतो. दोन मिनिटं मेन पाडणं हे माझ्या लेखी काही घडणंच नव्हतं. पायात चप्पल घातली का, हे कोणी सांगतं का? तिने मशीनला हात लावू नकोस म्हटलं होतं आणि मी दाराच्या चौकटीला हात लावत होते.

खरं लिहायचं तर वही बंद केल्यावर माझ्या मनात पहिलं हे आलं, की सांगायलाच कशाला हवं. उद्या ती कार्ड आणेल, बसवेल. बुधवारपर्यंत मी मेनला हात लावणार नाही. काम होईल. तिला वाटेल, कार्डाने तारलं. माझं नाव यायचं कारणच नाही. लाहू करडाच्या वेळी म्हणाला होता तसं, आता कशाला.

पण हात लावणार नाही, हे मी कोणाच्या भरवशावर म्हणते आहे? आज पिठाचा हात वर गेला तो मी विचारून गेला नव्हता. कार्ड एक असो की दोन, येत्या मंगळवारी पेले वाजले की मी अंगणात असेन आणि तिची मशीन अंधारात. मग ती पुण्याच्या लोकांना तोंड दाखवणार नाही, डबा विकून टाकील आणि दहा वर्षांनी कुणाला तरी म्हणेल, मला साधं एक कार्ड साफ करता आलं नव्हतं.

कार्ड घेऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. दोन कार्डांनी काम लवकर होत असेल तर ते तिला कळतं, मला कळत नाही. पण जुनं कार्ड तिने बिघडवलं, हे मनात धरून तिने त्या दुकानात जाऊ नये. लाहूलाही सकाळी सांगेन. तो तिच्या खोलीची जाड वायर मेनच्या आधीच काढून तिला वेगळा स्विच देऊ शकतो, तिच्या दाराशी. त्याचा नियम मोडेल. बैलाची आठवण काढेल तो. काढू दे.

आता एक वाजून गेला आहे. आत्ता फोन लावला तर ती दचकून उठेल आणि पहिलं मशीनचंच विचारेल. इतक्या दिवसांनी झोपली आहे. संगीताकडे सहाला नळाला पाणी येतं, तेव्हा सगळे उठतात. सहाला लावेन. लाहू उठायच्या आत, नाहीतर तो त्याची गंमत करेल, मीही हसेन, आणि सांगायचं राहून जाईल.

काय बोलायचं ते इथे लिहून ठेवते आणि फोन लावताना ही वही समोर धरते. आधी झोप झाली का, चहा घेतला का, असलं काही विचारायचं नाही. पहिलं हेच.

रविना, मशीन तुझ्यामुळे बंद पडत नव्हती. मेन मी पाडत होते.